टेलनेट बंद करून स्विचला एसएसएच लावायचंय आणि घरून पण शिरता आलं पाहिजे, नीट कसं करू?

मालवा_लॅन (इंदूर)

नमस्कार मंडळी. मी पीथमपूरच्या एका प्लांटमध्ये नेटवर्क बघतो, एकटाच आहे, सर्व्हर प्रिंटर कॅमेरे सगळं माझ्याच गळ्यात. राहायला इंदूरला रामबागेत. प्लांटमध्ये सिस्कोचे सहा २९६० स्विच आहेत, माझ्या आधी ज्या पार्टीने बसवले त्यांनी सहाहीवर टेलनेट (दुरून लॉगिन करायची जुनी पद्धत, सगळं उघड्या अक्षरांत जातं) चालू ठेवलंय आणि सहाही जागी पासवर्ड एकच, तो पण रॅकच्या दारावर आतून पेनने लिहिलेला.

हे सगळं आता का काढून राहिलो ते सांगतो. अनंत चतुर्दशीच्या रात्री साडेअकराला रात्रपाळीच्या सुपरवायझरचा फोन, पॅकिंगकडचं एक पण कॉम्प्युटर चालत नाही, गाड्या भरून उभ्या आहेत आणि बिल निघत नाहीये. इकडे झांक्या (सजवलेले चित्ररथ) निघालेल्या, जेल रोड, एमजी रोड, राजवाडा सगळं माणसांनी गच्च, पायी निघणं मुश्किल तर गाडी कुठून काढू. मग फोनवरच एका ऑपरेटरला रॅकपाशी उभा केला आणि ही काढ ती लाव करत दीड तास गेला. केबल काढून लावून काही होईना, शेवटी स्विचची पॉवरच बंद-चालू करायला लावली, तेव्हा बाकी चालू असलेलं पण तेवढा वेळ बसलं. सकाळी जाऊन पाहिलं तर पॅकिंगच्या टेबलाखाली आठ पोर्टचा साधा स्विच आहे, त्यात कोणीतरी एकाच केबलची दोन्ही टोकं खुपसली होती, ऑपरेटरने रात्री ओढाताणीत ती काढली म्हणून वाचलो. आमच्या स्विचने लूप बघून तो पोर्ट एरर-डिसेबल, म्हणजे आपोआप बंद, केला असणार. म्हणजे ती केबल काढून शट आणि नो शट (पोर्ट बंद करून परत चालू), दोन कमांडचं काम, आणि मी घरात लॅपटॉप उघडून नुसता बसलेलो.

आता साहेब म्हणतात राउटरला स्टॅटिक आयपी आहेच, पोर्ट फॉरवर्ड करून टाक आणि घरून लॉगिन कर. मला ते पटत नाहीये. परवा मी वायरशार्क (नेटवर्कवरून जाणारं पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून माझंच टेलनेट सेशन पकडलं आणि फॉलो टीसीपी स्ट्रीम केलं तर युझरनेमचं एकेक अक्षर दोन-दोनदा दिसलं, एएडीडीएमएमआयआयएनएन असं, कारण स्विच प्रत्येक अक्षर परत पाठवतो, आणि त्याच्याखाली पासवर्ड सरळ एकदा, वाचता येईल असा. बघून अंगावर काटा आला. हे इंटरनेटवर टाकायचं?

एसएसएच (तेच लॉगिन, पण कुलूपबंद) करायला घेतलं तर किल्ली बनवायची क्रिप्टो की ची कमांड म्हणते आधी होस्टनेम दे, स्विच सोडून दुसरं काहीतरी. तिथेच थांबलोय. क्रम काय ठेवायचा, आणि चालू प्लांटमध्ये काही बंद न पाडता कसं करायचं ते कोणी समजावून सांगेल का? कमांड देवनागरीत लिहिल्या तरी चालेल, मी समजून घेईन.

—

पोर्ट_बावीस (बडोदा)

भाऊ, पहिलं काम म्हणजे साहेबांना थांबव. टेलनेटचा पोर्ट तेवीस तर नाहीच नाही, पण एसएसएचचा बावीस सुद्धा राउटरवरून थेट स्विचकडे वळवायचा नाही. इंटरनेटवर उघडा बावीस दिसला की काही तासांतच रूट, अ‍ॅडमिन, सिस्को असली नावं घेऊन लॉगिनचे प्रयत्न सुरू होतात, दिवसरात्र, आणि २९६० सारख्या जुन्या स्विचचं आयओएस (त्याची आतली सिस्टीम) वर्षानुवर्षं कोणी अपडेट केलेलं नसतं. घरून यायचं ते व्हीपीएनवरून, म्हणजे इंटरनेटमधून जाणाऱ्या कुलूपबंद खाजगी रस्त्याने, त्याबद्दल शेवटी लिहितो.

आता क्रम. आधी शो व्हर्जन मारून इमेजच्या, म्हणजे आयओएसच्या फाइलच्या, नावात के९ आहे का ते बघ. नसेल तर त्या इमेजमध्ये क्रिप्टोच नाही, किती डोकं फोडलं तरी एसएसएच येणार नाही, इमेज बदलावी लागेल. तुझ्याकडे कमांड होस्टनेम मागतेय म्हणजे के९ असणारच, तरी सहाही स्विचवर वेगवेगळं बघून घे, एकाच लॉटमध्ये आलेल्या स्विचवर पण मी वेगळ्या इमेज बघितल्यात.

मग होस्टनेम, प्रत्येकाला ओळखू येईल असं, पॅकिंग-एसडब्ल्यू१ वगैरे. त्यानंतर आयपी डोमेन-नेम, तिथे खरं डोमेन लागत नाही, प्लांट डॉट लोकल दिलंस तरी चालतं, कारण की चं नाव या दोन्ही मिळून बनतं एवढंच. मग क्रिप्टो की जनरेट आरएसए, मॉड्युलस २०४८. जुन्या डब्यावर याला वेळ लागतो, स्क्रीन गप्प बसते, स्विच अडकला असं वाटून केबल उपटू नकोस. आयपी एसएसएच व्हर्जन २ नक्की टाक. न टाकता शो आयपी एसएसएच बघितलंस तर व्हर्जन १.९९ दिसेल, ते काही चुकलेलं नाही, त्याचा अर्थ एक आणि दोन दोन्ही चालू आहेत, पण आपल्याला एक नकोच आहे. आणि व्हर्जन २ ला की कमीत कमी ७६८ बिटची लागते, त्यामुळे कोणी आधीच ५१२ ची करून ठेवली असेल तर ती काढून नवीन कर.

युझर बनवताना युझरनेम, प्रिव्हिलेज १५ आणि पुढे सीक्रेट लिहायचं, पासवर्ड नाही. पासवर्ड लिहिलास तर कॉन्फिगमध्ये एक तर उघडा दिसतो नाहीतर टाइप ७ मध्ये, आणि टाइप ७ म्हणजे फक्त वरून झाकलेलं आहे, उलटं करायला दोन सेकंद लागतात. खूप जणांना वाटतं सर्व्हिस पासवर्ड-एन्क्रिप्शन मारलं की झालं, तसं नाहीये.

मग लाइन व्हीटीवाय, म्हणजे दुरून लॉगिन होतं त्या लाइनी. लॉगिन लोकल, ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच, एक्झेक-टाइमआउट १० ०. आणि वेबचं पान कोणी वापरत नसेल तर नो आयपी एचटीटीपी सर्व्हर, नो आयपी एचटीटीपी सिक्युअर-सर्व्हर, आणि इमेजमध्ये असेल तर नो व्हीस्टॅक पण. व्हीस्टॅक म्हणजे स्मार्ट इन्स्टॉल, पोर्ट ४७८६ वर ऐकत बसतं, २०१८ मध्ये त्यातली मोठी त्रुटी बाहेर आली होती, आपल्याला त्याचा काडीचा उपयोग नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच मारल्यावर आहे ते सेशन बंद करायचं नाही. दुसरी पुटीची (लॉगिनच्या सॉफ्टवेअरची) विंडो उघड, एसएसएचने आत ये, कॉन्फिग मोडमध्ये जाऊन दाखव, आणि मग कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग. तोपर्यंत सेव्ह नाही. सेव्ह केलेलं नसलं की सगळं चुकलं तरी पॉवर बंद-चालू केल्यावर जुनं परत येतं.

व्हीपीएनसाठी तुमच्या राउटरमध्ये वायरगार्ड किंवा आयपीसेक काही आहे का बघ. वायरगार्ड असेल तर बाहेर एकच यूडीपी पोर्ट उघडावा लागतो, साधारण ५१८२०, आणि की नसलेल्या माणसाला तो उत्तर पण देत नाही.

—

लष्करवासी (ग्वाल्हेर)

वरचं सगळं बरोबर, मी दोन गोष्टी जोडते. मॅनेजमेंटचा आयपी व्हीलॅन १ वर ठेवू नका, व्हीलॅन म्हणजे त्याच स्विचवर वेगळं केलेलं नेटवर्क. तुमच्याकडे कॅमेरे, प्रिंटर, ऑपरेटरचे कॉम्प्युटर सगळं बहुतेक १ वरच असणार, म्हणजे पॅकिंगच्या टेबलावरून कोणीही स्विचचं लॉगिन उघडू शकतो. वेगळा व्हीलॅन करा, ९९ समजा, इंटरफेस व्हीलॅन ९९ ला आयपी द्या, नो शटडाऊन, आणि सहाही स्विचच्या ट्रंकवरून (स्विचला स्विच जोडणाऱ्या लाइनवरून) तो जाऊ द्या. व्हीलॅन ९९ चा एकही पोर्ट किंवा ट्रंक चालू नसेल तर तो इंटरफेस डाऊनच राहतो, त्यामुळे आयपी देऊन पण पिंग येत नाही म्हणून घाबरायचं नाही, आधी शो आयपी इंटरफेस ब्रीफ बघायचं.

ट्रंकबद्दल मात्र हात जोडून सांगते. कमांड आहे स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन अ‍ॅड ९९. त्यातलं अ‍ॅड विसरलात तर असलेली सगळी यादी पुसून फक्त ९९ उरतो. मी एका कॉलेजात कामाला असताना परीक्षेचे फॉर्म भरायच्या दिवसांत मुख्य ट्रंकवर हे केलंय, एंटर दाबला आणि एका क्षणात दोन इमारती गेल्या, माझं स्वतःचं सेशन पण त्याच ट्रंकवरून होतं त्यामुळे परत घेता येईना, जिने उतरून कन्सोल केबल (थेट स्विचला लावायची) घेऊन धावले. अकरा मिनिटं गेली होती, मी घड्याळ बघितलं होतं, आणि खिडकीवर उभी मुलं अजून डोळ्यासमोर आहेत. त्या दिवसापासून ट्रंकला हात लावायच्या आधी रिलोड इन १० मारते. दहा मिनिटांत मी रिलोड कॅन्सल नाही केलं तर स्विच आपोआप जुन्या सेव्ह केलेल्या कॉन्फिगवर परत येतो. तुमच्याकडे प्लांट आहे, रिलोड म्हणजे त्या स्विचवरचं सगळं काही मिनिटं बंद, म्हणून शिफ्ट बदलताना किंवा जेवणाच्या सुट्टीत करा आणि सुपरवायझरला आधी सांगून ठेवा.

दुसरं, व्हीटीवायला अ‍ॅक्सेस-क्लास लावा, म्हणजे कोणत्या पत्त्यांना आत सोडायचं ती यादी. स्टँडर्ड लिस्ट १०, त्यात तुमचा अ‍ॅडमिन पीसी आणि व्हीपीएनचा जो पूल (घरून येणाऱ्याला मिळणारे पत्ते) असेल तो, बस. लिस्टच्या शेवटी न लिहिलेला नकार असतोच, बाकी सगळे बाहेर. व्हीपीएनचा पूल टाकायला विसरलात तर घरून कनेक्शन रिफ्यूज्ड येईल.

—

मालवा_लॅन (इंदूर)

पोर्ट_बावीस दादा, लष्करवासी ताई, मनापासून आभार. काल रविवार होता, प्लांट बंद, सकाळी पोहे खाऊन निघालो ते संध्याकाळी सातला परत. निळी चपटी कन्सोल केबल एक जुन्या खोक्यात मिळाली, यूएसबीचा अ‍ॅडॉप्टर माझा होता, ९६०० वर लावून एकेका स्विचपाशी बसलो. पाच स्विच झाले. सहाव्यावर के९ नाहीये, अगदी दादा म्हणाले तसं, त्याचं काम बाजूला ठेवलंय.

व्हीलॅन ९९ केला, अ‍ॅड लिहिलं, प्रत्येक वेळी एंटरच्या आधी ओळ मोठ्याने वाचली. प्लांटमधून पाचही स्विच एसएसएचने उघडतात. राउटरवर वायरगार्ड होतं, ते पण लागलं, घरून अ‍ॅडमिन पीसी पिंग होतो, राउटरचा ९९ वरचा आयपी पण पिंग होतो.

पण घरून स्विच उघडत नाही. पिंग पण नाही आणि रिफ्यूज्ड पण नाही, नुसतं वाट बघत बसतं आणि टाइमआउट. अ‍ॅक्सेस-क्लासमध्ये व्हीपीएनचा पूल टाकलाय, तीनदा बघितलं. आणि एका स्विचवर अजून एक, प्लांटच्या विंडोजवरच्या जुन्या पुटीतून उघडतो पण माझ्या उबंटू लॅपटॉपमधून म्हणतो की नो मॅचिंग की एक्सचेंज मेथड, आणि पुढे डिफी-हेलमन-ग्रुप१-एसएचए१ असं काहीतरी. हा प्लांटमध्ये बसून पण येतो म्हणजे व्हीपीएनचा संबंध नसावा. काय राहिलं असेल?

—

जुना_एक्सचेंज (इंदूर)

बाळ, मी टेलिफोन खात्यातून रिटायर झालोय, सुदामा नगरात असतो, तुझ्या रामबागेपासून लांब नाही. अनंत चतुर्दशीचं वाचून बरं वाटलं आणि वाईट पण, आम्ही पण अशा रात्री एक्सचेंजमध्ये काढल्यात.

तुझं पहिलं दुखणं आयपी डिफॉल्ट-गेटवे. अ‍ॅक्सेस-क्लासने अडवलं असतं तर लगेच रिफ्यूज्ड आलं असतं, आणि पिंगला तर ती यादी अडवतच नाही. तुझं पिंग पण जात नाहीये म्हणजे स्विचपर्यंत तुझं पाकीट पोचतंय पण उत्तर कुठे पाठवायचं ते त्याला ठाऊक नाही. प्लांटमध्ये तुझा पीसी आणि स्विच दोघं ९९ मध्येच, तिथे गेटवेची गरजच पडत नाही म्हणून सगळं छान चाललं. व्हीपीएनचा पत्ता दुसऱ्या नेटवर्कचा. प्रत्येक स्विचवर आयपी डिफॉल्ट-गेटवे आणि पुढे राउटरचा ९९ वरचा आयपी, एवढी एक ओळ. एखाद्या स्विचवर आयपी राउटिंग चालू केलेलं असेल तर मात्र ही ओळ कामाची नाही, तिथे आयपी राउट ०.०.०.० ०.०.०.० आणि पुढे तोच राउटरचा आयपी असं लिहावं लागतं. तुझे २९६० आहेत, पहिलीच लागेल.

दुसरं. ग्रुप१ हे किल्ली ठरवायचं जुनं, कमजोर गणित आहे. ओपनएसएसएचने ते २०१५ मध्येच, ७.० आवृत्तीत, डीफॉल्टमधून काढलं. पुढे २०२१ मध्ये ८.८ आली त्यात एसएसएच-आरएसए ही जुनी एसएचए१ वाली सही पण गेली. तुझी जुनी पुटी अजून ते सगळं बोलते म्हणून तिला चालतं. आज रात्री गरज पडली तर लॅपटॉपच्या एसएसएच कॉन्फिग फाइलमध्ये फक्त त्या एका स्विचच्या होस्टखाली केईएक्स-अल्गोरिदम्स आणि होस्ट-की-अल्गोरिदम्स या ओळींत अधिक चिन्ह लावून जुनी नावं जोड, आणि तरी सायफरवर अडलं तर तिसरी ओळ सायफर्सची. होस्ट स्टार खाली लिहू नकोस, नाहीतर सगळ्या जगाशी तू जुन्या गणिताने बोलायला तयार होशील. खरा इलाज म्हणजे त्या स्विचचं आयओएस १५ च्या मालिकेतलं कर, बाकी चारांसारखं. त्यावर ग्रुप१४ मिळालं की त्या केईएक्सच्या ओळीत ग्रुप१ च्या जागी ग्रुप१४ चं नाव लिही.

एक गोष्ट सांगतो, कारण तू वायरशार्कने स्वतःचा पासवर्ड बघितलास. टेलनेटचा नियम १९८३ मध्ये पक्का झाला, तेव्हा तारेवर कोण ऐकतंय हा प्रश्न फारसा कोणाला पडत नव्हता. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठात कोणीतरी नेटवर्कवर बसून ढीगभर पासवर्ड उचलले, आणि तिथल्याच तातू युलोनेन या माणसाने त्या धक्क्यातून एसएसएच लिहिलं. तुला जो काटा आला तोच त्याला आला होता. आम्ही एमडीएफवर (सगळ्या लाइनी येतात त्या चौकटीवर) बसून जम्परला क्लिप लावून लोकांची लाइन तपासायचो ना, तेव्हापासून मला माहितीये की ऐकणाऱ्याला फक्त तारेपर्यंत पोचायचं असतं.

आणि त्या रॅकच्या दारावरचा पासवर्ड पुसलास का?

—

मालवा_लॅन (इंदूर)

काका, डिफॉल्ट-गेटवेच होतं. आज सकाळी प्लांटमध्ये पोचल्या पोचल्या पाचहीवर ती ओळ टाकली, दुपारी कॅन्टीनच्या बाहेर उभं राहून मोबाइलच्या नेटवर व्हीपीएन लावून बघितलं, पाचही उघडले. पहिल्यांदा लॉगिन करताना फिंगरप्रिंट विचारतो, तो मी रविवारी प्लांटमधून एसएसएच केलं तेव्हाच वहीत लिहून घेतला होता, मिळवून मगच येस म्हटलं. दारावरचा पासवर्ड थिनरने पुसला आणि तसाही तो आता या पाच स्विचवर चालत नाही.

एक सापडलं ते इतरांसाठी लिहितो. सगळं झाल्यावर सहज टेलनेट मारून बघितलं की खरंच बंद झालं का, तर एका स्विचवर पासवर्ड विचारायला आला! शो रन बघितलं तर लाइन व्हीटीवाय ० ४ आणि ५ १५ असे दोन वेगळे भाग, मी फक्त पहिल्यावर एसएसएच लावलेलं, दुसऱ्यावर त्या जुन्या पार्टीचा टेलनेटचा पासवर्ड तसाच. अ‍ॅक्सेस-क्लास पण तिथे नव्हता, म्हणजे तो दरवाजा आख्ख्या प्लांटला उघडा. आता लाइन व्हीटीवाय ० १५ असं एकदम लिहून सगळीकडे केलं.

आता एकच प्रश्न, तो सहावा बिनाके९चा स्विच. साहेब म्हणतात चालतंय तर चालू दे, पैसे पुढच्या वर्षी बघू. त्याच्यावर कॅमेरे आहेत. तोपर्यंत काय करू?

—

पोर्ट_बावीस (बडोदा)

लाइन व्हीटीवायवर ट्रान्सपोर्ट इनपुट नन कर, म्हणजे बाहेरून कुठल्याच मार्गाने लॉगिन नाही, टेलनेट पण नाही, वेबचं पान तर तू बंद केलंच असशील. कन्सोलवर लाइन कन्सोल ० ला लॉगिन लोकल आणि सीक्रेटवाला युझर. त्या स्विचला हात लावायचा तर केबल घेऊन तिथे जायचं. कॅमेऱ्यांचं रोज रोज काही बदलत नाही.

एखादा जुना पीसी पडला असेल तर तो त्या रॅकमध्ये ठेवून त्यालाच यूएसबीने कन्सोल केबल कायमची लावून ठेव, लिनक्स टाक, ९९ मध्ये घाल. मग घरून व्हीपीएन, त्या पीसीवर एसएसएच, आणि तिथून मिनीकॉम उघडून थेट कन्सोल. आमच्याकडे एका ठिकाणी तीन वर्षं असंच चाललंय. त्या पीसीला पण तेवढंच कुलूप लाव, पासवर्डने लॉगिन बंद, फक्त की ने.

—

मालवा_लॅन (इंदूर)

स्टोअरमध्ये बिलिंगचा जुना पीसी पडलाय, पंखा आवाज करतो पण चालू होतो. उद्या पंखा बदलून रॅकमध्ये ठेवतो. कन्सोल केबलची लांबी पुरते का ते आत्ताच मोजून आलो, पुरते.